काळी मोहरी, भक्कम बैठक

बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही बाजूंना १६ मोहरी, घरं सारखी, घड्याळातला वेळही सारखाच. फरक एकच: पहिली खेळी पांढऱ्याची. त्या एका खेळीची किंमत किती, हे आजवर नोंदल्या गेलेल्या लाखो डावांवरून मोजता येतं. पांढऱ्याच्या वाट्याला १०० पैकी साधारण ५४-५५ गुण जातात, उरलेले काळ्याच्या. तोटा आहे, पण एवढाच. तरीही शनिवार-रविवारी लंडनमधल्या हॅरो, पिनर किंवा केंटनच्या एखाद्या हॉलमध्ये मुलांची स्पर्धा चालू असेल, तर भिंतीवर जोड्यांची यादी लागते तिथे जरा उभं राहून ऐका. ‘ब्लॅक मिळालं’ हे शब्द अशा सुरात कानावर पडतात, की जणू पट मांडण्याआधीच अर्धा गुण गेला. तो सूर बदलावा म्हणून हे पुस्तक लिहिलं आहे.

पुस्तकाचा आवाका मुद्दाम लहान ठेवला आहे. पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, म्हणजे १. ई४ केलं, की उत्तर सी६. हा कारो-कान बचाव. वजिरापुढचं प्यादं सरकवलं, म्हणजे १. डी४ केलं, की डी५, आणि पुढच्या खेळीला सी६. हा स्लाव्ह. दोन्हीकडे काळ्याची प्यादी सी६ आणि डी५ या दोन घरांवर येऊन बसतात. एक सांगाडा नीट समजला की दोन बचावांचं निम्मं काम होतं. सिसिलियन, किंग्ज इंडियन, ग्रुनफेल्ड यांबद्दल इथे काही मिळणार नाही. ते सगळे थोर बचाव आहेत आणि त्यांच्यावर इंग्रजीत कपाटं भरतील एवढी पुस्तकं आहेत.

हॅरोत राहून बुद्धिबळावर लिहायचं तर बोधना शिवानंदनचं नाव घ्यावंच लागतं. मार्च २०१५ मध्ये जन्मलेली ही हॅरोची मुलगी. भारतात परतणाऱ्या एका कौटुंबिक स्नेह्याने निघताना दिलेल्या सामानात एक बुद्धिबळाचा पट होता, आणि टाळेबंदीच्या काळात, पाच वर्षांची असताना, ती त्यावर खेळायला शिकली. २०२२ मध्ये आठ वर्षांखालच्या मुलींची जागतिक विजेतेपदं तिने तिन्ही प्रकारांत मिळवली: क्लासिकल, रॅपिड आणि ब्लिट्झ. २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिम्पियाडमध्ये वयाच्या नवव्या वर्षी ती इंग्लंडच्या महिला संघातून खेळली. ऑगस्ट २०२५ मध्ये लिव्हरपूलच्या ब्रिटिश स्पर्धेत तिने ग्रँडमास्टर पीटर वेल्स यांना हरवलं. तेव्हा तिचं वय १० वर्षं ५ महिने होतं, आणि इतक्या लहान वयात ग्रँडमास्टरला हरवणारी ती जगातली पहिलीच मुलगी.

या बातम्यांनी हॅरोतल्या आई-बाबांवर काय परिणाम झाला हे वेगळं सांगायला नको. बुद्धिबळाचे वर्ग भरले, हे चांगलंच झालं. पण घाईसुद्धा आली. मुलाने तीन महिन्यांत ट्रॉफी आणावी, म्हणून त्याला सापळे पाठ करवले जातात. मोबाइलवर ‘आठ खेळ्यांत मात’ अशा मथळ्याचे व्हिडिओ रांगेने उभे असतात. सापळा एकदा चालतो, दोनदा चालतो. तिसऱ्यांदा समोर बसलेल्या मुलीनेही तोच व्हिडिओ पाहिलेला असतो, आणि मग नवव्या खेळीपासून पुढे काय करायचं हे कुणीच शिकवलेलं नसतं. पांढऱ्याकडून हे एकवेळ निभतं. काळ्याकडून सापळ्यांवर जगणं म्हणजे दर डावात समोरच्याच्या चुकीची वाट पाहत बसणं.

भक्कम बचाव कशाला म्हणायचं, याचा सगळ्यात मोठा धडा लंडनमध्येच दिला गेला आहे, तोही हॅरोपासून फार लांब नाही. हॅरो-ऑन-द-हिलहून मेट्रोपॉलिटन लाइन पकडायची, बेकर स्ट्रीटला गाडी बदलायची, की हॅमरस्मिथ. तिथल्या रिव्हरसाइड स्टुडिओत २००० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गॅरी कास्पारोव्ह आणि व्लादिमीर क्रामनिक यांचा जगज्जेतेपदाचा सामना झाला. कास्पारोव्ह तेव्हा १५ वर्षं जगज्जेता होता, आणि पांढऱ्या मोहऱ्यांनिशी सुरुवातीपासून हल्ला चढवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. क्रामनिकने काळ्या मोहऱ्यांनी बर्लिन बचाव काढला. आठव्या खेळीलाच वजिरा-वजिरी होते. काळ्याचा राजा डी८ वर ओढला जातो आणि किल्लेकोटाचा हक्क गमावतो, सी रांगेत दोन प्यादी एकामागे एक अडकतात. नवशिक्याला ही मांडणी पाहून काळ्याची कीव येईल. पण दोन्ही उंट काळ्याकडे आहेत, पांढऱ्याला धडक मारायला एकही ठळक जागा नाही, आणि ज्या वजिराच्या जोरावर कास्पारोव्हचे हल्ले उभे राहत तो पटावरच नाही. सामन्यात हा बचाव पुन्हा पुन्हा आला आणि कास्पारोव्हला त्यातून एकही विजय काढता आला नाही. १५ डावांत त्याचा एकही विजय नाही. क्रामनिकने दोन डाव जिंकले, दोन्ही पांढऱ्या मोहऱ्यांनी, आणि ८.५-६.५ ने जगज्जेतेपद घेतलं. काळ्या मोहऱ्यांनी त्याने एकही डाव जिंकला नाही. त्यांनी त्याला हरू दिलं नाही, आणि त्यामुळेच पांढऱ्या मोहऱ्यांच्या दोन विजयांना एवढी किंमत आली.

मग हॅरोतल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला बर्लिनच का शिकवू नये? पहिलं कारण, बर्लिनची खरी लढाई अंत्यपर्वातली आहे, आणि ते ज्ञान यायला वेळ लागतो. दुसरं कारण अगदी व्यवहारातलं. बर्लिन पटावर येण्यासाठी पांढऱ्याने तिसऱ्या खेळीला उंट बी५ वर न्यावा लागतो. दहा वर्षांची मुलं तो बी५ वर फारसा नेत नाहीत. ती तो सी४ वर ठेवतात, वजीर बाहेर काढतात आणि एफ७ कडे डोळे लावून बसतात. चार खेळ्यांत मात करण्याचं आकर्षण कुठल्याच देशात कमी नाही. कारो-कानमध्ये या खेळाला जागाच राहत नाही. १. ई४ सी६ २. उंट सी४ डी५, की उंटाची वाट बंद, वर त्याच्यावरच चाल. ज्या प्याद्याला सी६ चा जोर आहे, ते डी५ वरून हलत नाही.

हा बचाव तसा या देशाचाच, निदान अर्धा. होरेशिओ कारो १८६२ मध्ये न्यूकॅसलला जन्मला, आयुष्य बर्लिनमध्ये काढलं आणि १९२० मध्ये लंडनमध्ये वारला. मार्कुस कान व्हिएन्नाचा. दोघांनी १८८६ मध्ये एका जर्मन नियतकालिकातून या बचावाचं विश्लेषण मांडलं. त्याच्या आदल्या वर्षी हॅम्बुर्गमध्ये कानने हाच बचाव खेळून तरुण जाक मीझेसला २४ खेळ्यांत हरवलं होतं. मीझेस ज्यू. पुढे म्हातारपणी नाझींपासून वाचण्यासाठी त्याला जर्मनी सोडून इंग्लंडला यावं लागलं. तो इथला नागरिक झाला, आणि १९५० मध्ये जागतिक संघटनेने पहिल्या २७ ग्रँडमास्टरांची यादी काढली, त्यात त्याचं नाव होतं. म्हणजे कारो-कानच्या गाजलेल्या पहिल्या डावात हरलेला माणूस ब्रिटनचा पहिला ग्रँडमास्टर ठरला. मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी. डाव हरणं किती लहान गोष्ट असते, ते त्यातून आपोआप कळतं.

आता मूळ कल्पना. ई४ ला उत्तर म्हणून काळ्याला डी५ करायचं आहे, म्हणजे मध्यात पांढऱ्याच्या बरोबरीने पाय रोवायचा आहे. त्या प्याद्याला आधी जोर हवा. तो दोन प्रकारे देता येतो. ई६ करून दिला तर तो फ्रेंच बचाव, सी६ करून दिला तर कारो-कान. ई६ केलं की काळ्याचा सी८ वरचा उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडला जातो, आणि फ्रेंच खेळणारे खेळाडू अर्धा डाव त्याची सुटका करण्यात घालवतात. कारो-कानमध्ये क्रम उलटा आहे. घरातलं माणूस आधी बाहेर पडतं, मग दाराला कडी लागते. उंट एफ५ किंवा जी४ वर जातो आणि त्यानंतरच ई६ होतं. याची किंमतही आहे. सी६ वर प्यादं बसल्यामुळे वजिराच्या बाजूच्या घोड्याची सगळ्यात चांगली जागा गेली, आणि पुढे सी५ करायचं ठरलं तर एकच प्यादं दोनदा चालवावं लागतं. फुकट काहीच मिळत नाही. बी८ वरच्या घोड्याने डी७ वरून वाट काढायची आणि त्या बदल्यात उंट मोकळा ठेवायचा, हा या बचावाचा व्यवहार आहे. तो ज्याला पटला त्याला पुढची प्रकरणं सोपी जातील.

पांढऱ्याकडे मुख्य वाटा चार. ई५ करून पुढे घुसणं, डी५ वर प्याद्यांची अदलाबदल करणं, अदलाबदल करून लगेच सी४ ने पानोव्हचा हल्ला चढवणं, आणि घोडा सी३ वर आणून जुन्या वळणाने खेळणं. प्रत्येकीला एकेक प्रकरण दिलं आहे, पण प्रकरणांची लांबी सारखी नाही आणि ती सारखी असायचं कारणही नाही. अदलाबदलीचं प्रकरण सगळ्यात छोटं आहे. मात्र तिथे एक सावधगिरीचा इशारा आहे. हा प्रकार निरुपद्रवी आहे असं जगाने गृहीत धरलं होतं, तेव्हा बॉबी फिशरने १९७० मध्ये बेलग्रेडला सोव्हिएत संघ विरुद्ध शेष जग या सामन्यात टिग्रान पेट्रोस्यानसारख्या तटबंदीच्या बादशहाला याच वाटेने हरवलं. सोपं दिसणारं प्रकरण वाचताना पेंगू नये.

पानोव्हच्या प्रकरणावर मी सर्वाधिक पानं खर्च केली आहेत. त्यात पांढऱ्याच्या डी४ प्याद्याच्या दोन्ही बाजूंना आपलं प्यादं उरत नाही, ते एकटं पडतं. पांढऱ्याची मोहरी मात्र भराभर मोकळी होतात आणि राजावर चालून येतात. काळ्याने काय करायचं? डी५ वर घोडा ठामपणे बसवायचा, एकेक मोहऱ्याची अदलाबदल करत राहायचं, आणि पट रिकामा झाला की तेच एकटं प्यादं पांढऱ्याच्या गळ्यातलं लोढणं होतं. हे एवढं समजलं की वजिराच्या प्याद्याच्या डझनभर प्रकारांत मुलाला वाट दिसू लागते. कारण हीच मांडणी निमझो-इंडियनमध्ये येते, क्वीन्स गॅम्बिटमध्ये येते, क्वचित सिसिलियनमध्येही येते. सुरुवात शिकता शिकता डावाचा मध्य शिकून होतो तो असा.

जुन्या वळणाच्या प्रकरणात दोन गोष्टी मात्र पाठच करायच्या आहेत, तिथे समजुतीवर सोडून चालणार नाही. ३. घोडा सी३, प्यादं ई४ वर मारलं, ४. घोड्याने परत मारलं. इथे काळ्याने उंट एफ५ वर आणला आणि पांढऱ्याने घोडा जी३ वर नेला, की उंट जी६ वर जातो. मग पांढरा एच४ करतो. त्याला लगेच एच६ ने उत्तर द्यायचं, नाहीतर एच५ होऊन उंट कोंडला जातो आणि डाव तिथेच आटोपतो. दुसरी गोष्ट, चौथ्या खेळीला उंटाऐवजी घोडा डी७ वर आणणाऱ्यांसाठी. पांढऱ्याने वजीर ई२ वर ठेवला, की हात आपोआप दुसऱ्या घोड्याकडे जातो. तो एफ६ वर आणला की पांढऱ्याचा घोडा डी६ वर येतो आणि मात. ई७ चं प्यादं घोड्याला मारू शकत नाही, कारण ते हललं की मागच्या राजाला वजिराचा शह बसतो. सहा खेळ्यांत मात, आणि तीही काळ्याची स्वतःची मोहरी राजाला चहूकडून वेढून उभी असताना. भक्कम बचाव खेळणारा माणूसही झोपला तर हरतो, हे शिकवायला याहून चांगला नमुना नाही.

भक्कम म्हणजे बरोबरीचा खेळ, असा एक समज पालकांत पक्का आहे. तो काढण्यासाठी पुस्तकात न्यूयॉर्क १९२७ चा निमझोविच विरुद्ध कापाब्लांका हा डाव संपूर्ण दिला आहे. निमझोविचने ई५ करून पुढे घुसखोरी केली. कापाब्लांकाने उंट एफ५ वर काढला, पांढऱ्या घरांवरच्या उंटांची अदलाबदल करून टाकली आणि मग ई६ केलं. पांढऱ्याची प्यादी पुढे पुढे जात काळ्या घरांवर अडकली, आणि पांढरी घरं राखायला कुणी उरलं नाही. काळ्याने गडबड कुठेच केली नाही, एकही मोहरं बळी दिलं नाही. शेवटी पांढऱ्यापुढे अशी स्थिती आली की जी खेळी करावी तिने नुकसानच. निमझोविचने डाव सोडला. हा डाव मुलांसमोर पटावर मांडा आणि दर पाच खेळ्यांनी विचारा, ‘आता पांढऱ्याचं नेमकं काय चुकलं?’ उत्तर सहजासहजी सापडत नाही. चूक एका खेळीत नसते तेव्हाच डाव खरा शिकवतो.

पुढेही हा बचाव ज्यांनी वापरला ती माणसं हल्ल्याला घाबरणारी नव्हती. मिखाईल ताल २३ व्या वर्षी जगज्जेता झाला तो १९६० मध्ये बोटविनिकला हरवून. १९६१ च्या परतीच्या सामन्यात पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या बोटविनिकने त्याच्या ई४ ला वारंवार कारो-कानने उत्तर दिलं आणि १३-८ अशा फरकाने किताब परत घेतला. कारपोव्ह पुढे वर्षानुवर्षं हाच बचाव खेळला. २०१३ मध्ये चेन्नईला जगज्जेतेपदाच्या सामन्यात आनंदने पहिल्यांदा ई४ केलं, तेव्हा कार्लसनने सी६ केलं. त्याच सामन्यातल्या पुढच्या ई४ ला बर्लिन. इथे इंग्लंडमध्ये नऊ वेळा ब्रिटिश महिला विजेती ठरलेली योव्हांका हाउस्का कारो-कानची मोठी जाणकार आहे. २००७ आणि २०१५ मध्ये आलेली तिची पुस्तकं या विषयावर कुणालाही टाळता येणार नाहीत. माझ्या पुस्तकानंतर ती वाचावीत. आधी वाचली तर माझ्या पुस्तकाची गरज वाटणार नाही, ही एक अडचण आहे.

दुसऱ्या टोकाचा इंग्लंडही आहे, आणि त्याचाही मान राखायला हवा. इथल्या शाळाशाळांतून हजारो मुलं ज्या यूके चेस चॅलेंजमध्ये खेळतात ती स्पर्धा १९९६ मध्ये माइक बासमनने सुरू केली. हा बासमन आयुष्यभर १. जी४ सारख्या खेळ्या करत राहिला, ज्या पाहून रशियन प्रशिक्षकांनी कपाळाला हात लावावा. १९८० मध्ये स्वीडनमधल्या स्कारा इथे टोनी माइल्सने तर जगज्जेत्या कारपोव्हच्या ई४ ला ए६ असं उत्तर दिलं आणि डाव जिंकला. एकट्या कोपऱ्यातलं प्यादं एक घर पुढे! मला हा डाव फार आवडतो. पण माइल्स ग्रँडमास्टर होता, काय मोडतोय हे त्याला पुरतं ठाऊक होतं. दहा वर्षांच्या मुलाने ए६ केलं तर ते बंड नसतं, नुसती गंमत असते.

प्रशिक्षकांकडून येणारा आक्षेप जास्त गंभीर आहे. अनेकांचं मत असं, की मुलांनी पहिली काही वर्षं ई४ ला ई५ च खेळावं. उघडे डाव, मोकळ्या रांगा, मारामारी, जोर-बिनजोराचा हिशेब, हे सगळं तिथे लवकर शिकून होतं. बंदिस्त, सावध बचाव लवकर दिला तर मूल हिशेब करायला आळशी होतं. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून हे पुस्तक अगदी नवशिक्यासाठी नाही. मोहऱ्यांच्या चाली आल्या, दोन-तीन खेळ्यांचा हिशेब डोक्यात करता येतो, ई५ खेळून वर्षभर हार-जीत पाहिली, मग हे पुस्तक उघडावं. त्याआधी उघडलं तर मूल सी६, डी५ यांत्रिकपणे करेल आणि पाचव्या खेळीला विचारेल, ‘बाबा, आता?’

स्लाव्हबद्दल थोडक्यातच लिहिलं आहे. १. डी४ डी५ २. सी४ सी६. उंट मोकळा ठेवण्याचीच कल्पना इथेही आहे, फक्त पांढरा सी४ ने दबाव आणतो म्हणून उंट बाहेर काढण्याची वेळ अचूक साधावी लागते. घाईने काढला की बी७ चं प्यादं बिनजोर पडतं आणि पांढऱ्याचा वजीर बी३ वरून त्याच्यावर येतो. बाकी पहिल्या भागात जे कळलं तेच इथे कामाला येतं.

हे पुस्तक मराठीत का, असं मला काही जणांनी विचारलं. हॅरोतली मुलं इंग्रजीत वाचतात, इंग्रजीत खेळतात, हे खरंच आहे. पण घरी त्यांच्यासमोर पट मांडून बसतं कोण? सहा महिन्यांसाठी आलेले आजोबा-आजी, किंवा संध्याकाळी कामावरून आलेली आई. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात, म्हणजे न. चिं. केळकरांनी १९३२ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेत, भेटणाऱ्या कुटुंबांमध्ये असे आजोबा मला नेहमी दिसतात. त्यांना बुद्धिबळ येतं, चांगलं येतं, पण ते देशी पद्धतीचं. प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकायचं, किल्लेकोटाऐवजी राजा एकदा घोड्यासारखी उडी घ्यायचा, आणि सगळी भाषा जोराची: कुठल्या मोहऱ्याला जोर आहे, कुठलं बिनजोर राहिलं. प्यादी एकेक घर सरकत असल्यामुळे देशी खेळात पहिल्या दहा-बारा खेळ्यांत झटापट होतच नसे. आधी मोर्चा बांधायचा, मग भिडायचं. कारो-कानच्या बैठकीची समज या आजोबांच्या अंगात आधीपासूनच आहे. नातवंडांना ती त्यांच्याच भाषेत मिळावी, एवढीच इच्छा. आजींनी तर खाडिलकर भगिनींचा काळ पाहिलेला असतो. भारतातली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा १९७४ मध्ये वासंती खाडिलकरने जिंकली, आणि त्यानंतर जयश्री आणि रोहिणीने विजेतेपद घराबाहेर जाऊ दिलं नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

देशी नियमांवर वाढलेला एक माणूस इंग्लंडमध्ये काय करू शकतो, हे मीर सुलतान खानने दाखवलं आहे. पंजाबातला हा खेळाडू सर उमर हयात खान यांच्याबरोबर १९२९ मध्ये लंडनला आला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरवलं. सुरुवातीच्या खेळ्यांचं पुस्तकी ज्ञान त्याच्याकडे नव्हतं. अनेकदा तो पहिल्या पंधरा खेळ्यांत कोंडीत सापडे आणि मग पुढच्या पन्नास खेळ्यांत त्यातून बाहेर पडे. जागतिक संघटनेने त्याला मानद ग्रँडमास्टर केलं ते २०२४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ साठ वर्षांनी. एवढ्या प्रतिभेच्या माणसालाही सुरुवातीने इतकं छळलं, तर आपल्या मुलांनी ती थोडी शिकून घ्यायला हरकत नसावी. ब्रिटिश विजेतेपदावर पुढे मराठी नावही लागलं. २००३ मध्ये एडिनबराला पुण्याच्या अभिजित कुंटेने ते जिंकलं. त्यानंतर नियम बदलले आणि राष्ट्रकुल देशांतल्या खेळाडूंना ती वाट बंद झाली.

वापराबद्दल दोन शब्द. संगणक बाजूला ठेवा, निदान पहिल्या वाचनात. कारो-कानच्या बहुतेक सगळ्या स्थितींत संगणक पांढऱ्याला पाव-अर्ध्या प्याद्याची आघाडी दाखवतो. तो आकडा खरा आहे, आणि दहा वर्षांच्या मुलाच्या डावात त्याला काडीचं महत्त्व नाही. तो पाहून मुलाला वाटतं आपण हरतोय, मग ते उगीच धडपड करतं आणि खरोखरच हरतं. त्यापेक्षा प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला प्याद्यांचा जो सांगाडा छापला आहे तो वहीत काढायला लावा, मोहरी न मांडता. काळ्याने कुठल्या प्याद्याने फोडायचं, सी५ ने की ई५ ने? कुठली मोहरी बदलून टाकायची, कुठली जपायची? याची उत्तरं मुलाने आपल्या शब्दांत दिली की खेळ्या आपोआप लक्षात राहतात. खेळ्यांचा क्रम विसरला तरी बिघडत नाही. आणि मूल काळ्या मोहऱ्यांनी बरोबरी करून आलं तर ‘जिंकला का नाहीस?’ हा प्रश्न गाडीत तरी विचारू नका. २०१८ मध्ये लंडनमध्येच कार्लसन आणि कारुआना यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात बाराच्या बारा डाव बरोबरीत सुटले होते.

राहिला प्रश्न काळ्याने जिंकण्याचा. २८ जुलै २०२५ ला बाटुमीत महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी समोरासमोर होत्या. क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते, रॅपिडचा पहिलाही बरोबरीत सुटला. दुसऱ्या रॅपिड डावात दिव्याकडे काळी मोहरी होती. तो डाव तिने जिंकला, विश्वचषक घेतला आणि त्याच दिवशी ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली.

आता पट घ्या, मुलाला काळ्या बाजूला बसवा, स्वतः पांढऱ्या बाजूला बसून ई४ करा, आणि पुढचं पान त्यालाच उलटू द्या.